हार्डवेअर पत्त्याचा फेरफार

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या लहानशा कारखान्याच्या संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे, त्याची दुसरी शेड चाकणजवळ महाळुंगे येथे असून, तेथील सीएनसी यंत्रांना लागणारे प्रोग्रॅम आणि ड्रॉइंग्ज भोसरीच्या सर्व्हरवरून, इंटरनेट जोडणीला मिळालेल्या स्थिर आयपी पत्त्याच्या वाटेने जात असतात. आषाढातल्या एका रात्री वीज कडाडली आणि खांबावरून आलेल्या केबलमधून शिरलेल्या दाबाने वायरलेस राउटरचे बाहेरचे पोर्ट जळाले. सकाळी नवा राउटर बसविला. दिवे लागले, वायफाय दिसू लागले, परंतु इंटरनेट काही येईना.

सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या दप्तरी आमच्या जोडणीपुढे जुन्या राउटरचा हार्डवेअर पत्ता, ज्याला सारे जण मॅक म्हणतात, नोंदलेला होता, आणि त्या पत्त्यावाचून आलेल्या कोणत्याही यंत्राला त्यांचा दरवाजा उघडत नव्हता. नोंद बदलण्याचा अखत्यार मुख्य कचेरीकडे. त्यासाठी अर्ज आणि कारखान्याचा शिक्का हवा, शिवाय वेळही. फोनवरचा तरुण मोठा सौजन्यशील होता. तो म्हणाला, “साहेब, तोवर जुनाच मॅक नव्या राउटरला टाका, आमची हरकत नाही.” इकडे महाळुंग्याचे सुपरवायझर सेटिंग खोळंबल्याचे सांगत होते, म्हणून पेनड्राइव्ह देऊन एक माणूस मोशीमार्गे धाडला आणि मी कामाला बसलो.

हा पत्ता 48 बिटांचा, म्हणजे शून्य ते नऊ आणि ए ते एफ या चिन्हांतील 12 अंकांचा असतो. सामान्यतः त्यांतील पहिले सहा आयईईई ही संस्था उत्पादकाला बहाल करते आणि उरलेले सहा उत्पादक प्रत्येक यंत्रास वेगळे देतो. जुन्या राउटरच्या पोटाशी चिकटविलेल्या कागदावर छापलेला पत्ता ‘4ई’ने संपत होता, आणि फोनवरच्या तरुणाने आपल्या नोंदीतून वाचून दाखविलेला ‘4एफ’ने. विसंगती नव्हती. अशा यंत्राच्या आतल्या जाळ्यास, बाहेरच्या पोर्टास आणि वायफायच्या रेडिओंना स्वतंत्र पत्ते लागतात, ते पुष्कळदा लागोपाठचे असतात, आणि कागदावर मात्र एकच छापला जातो. दरवाजावर ओळख लागते ती बाहेरच्या पोर्टाची.

नव्या राउटरवर मी ओपनडब्ल्यूआरटी ही खुली प्रणाली घातलेली होती. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी या राउटरची मूळ प्रणाली 2003 मध्ये खुली झाली, तीतून पुढल्या वर्षी हा प्रकल्प उभा राहिला, आणि आपल्याच पैशाने घेतलेल्या यंत्राच्या अंतरंगात आपल्याला हक्काने प्रवेश मिळाला, याबद्दल मला त्या मंडळींविषयी मनापासून कृतज्ञता वाटते. एसएसएचने आत शिरून आधी मूळ पत्ता वहीत उतरवून घेतला. मग ‘आयपी लिंक’ या आज्ञेने बाहेरचे पोर्ट बंद केले, त्यास जुना पत्ता दिला आणि ते पुन्हा चालू केले. काही क्षणांत लॉगमध्ये लीज मिळाल्याची ओळ उमटली, आणि तीत आमचाच स्थिर आयपी होता! परंतु अशा रीतीने दिलेला पत्ता स्मरणात राहतो तो केवळ वीज असेतोवर. म्हणून तोच नेटवर्कच्या कॉन्फिग फाइलीत लिहून, यूसीआयच्या ‘कमिट’ आज्ञेने कायम केला, राउटर मुद्दाम बंद-चालू केला, आणि महाळुंग्याहून प्रोग्रॅम उतरल्याचा फोन आल्यावरच खुर्ची सोडली.

1962 साली एमआयडीसी स्थापन झाल्यानंतर या पट्ट्यातील गावोगावच्या सातबाऱ्यांवर किती फेरफार चढले असतील! जमीन जागच्या जागी राहते, नोंद बदलते, आणि जुने नाव पुसले न जाता कंसात जाते. राउटरच्या फ्लॅशमध्ये कारखान्यातून उमटून आलेला पत्ताही तसाच अबाधित असतो. आपण लिहिलेली ओळ केवळ त्याच्यावर चढते. जो पत्ता इतक्या सुलभतेने धारण करता येतो, त्यास ओळखीचा पुरावा मानून दरवाजा राखणे मला अपुरे वाटते. महाळुंग्याची वाट म्हणूनच आम्ही पत्त्याच्या भरवशावर न सोडता गुप्त किल्लीच्या बंदोबस्तात ठेवली आहे. एकाच जाळ्यात दोन यंत्रांनी एकच पत्ता सांगितला, तर स्विचला तो पत्ता क्षणात एका पोर्टावर तर क्षणात दुसऱ्या पोर्टावर दिसतो आणि दोघांचीही वाहतूक विस्कळीत होते; यास्तव पर्यायी राउटरांना मी पत्ते देतो ते दुसऱ्या अंकस्थानी 2, 6, ए किंवा ई असलेले, कारण तो वर्ग स्थानिक वापरासाठीच राखून ठेवलेला असतो आणि उत्पादकांनी दिलेल्या पत्त्यांशी त्याची गाठ सहसा पडत नाही.

पुढे मुख्य कचेरीत नव्या यंत्राची नोंद झाली, तेव्हा फाइलीतील ती ओळ मी काढून टाकली, आणि राउटर आपल्या मूळ पत्त्यानिशी सुरळीत चालू लागला.