देव नाही रे, राजे आहेत

रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर गाडी थांबवायची नाही असं दर वेळी ठरवतो, आणि भाजक्या कणसाचा वास आला की थांबवतो. समोर १८७९ साली पुरं झालेलं धरण, पलीकडे एनडीएच्या टेकड्या, काठाला ही गर्दी. कणीस संपवून डोणज्याच्या फाट्याला वळलो, गोळेवाडीला पावती फाडली आणि घाट चढून सिंहगडावर पोचलो.

गडावर लोक येतात ते तानाजी मालुसऱ्यांसाठी नाहीतर पिठलं-भाकरीसाठी. छत्रपती राजाराम महाराजांच्या समाधीकडे फारसं कुणी वळत नाही. रंगीत, देवळासारखी घुमटी आहे. पेशवाईत दरबाराकडून तिची व्यवस्था नीट ठेवली जाई. मी गेलो तेव्हा एक आजी नातवाला घेऊन उभ्या होत्या. "हे कोणते देव?" पोराने विचारलं. "देव नाही रे, राजे आहेत. पाया पड." पोराने चप्पल काढली, पाया पडला.

मला एकदम बांबर्ग आठवलं. जर्मनीतल्या त्या गावच्या कॅथीड्रलमध्ये सम्राट दुसरा हेन्री आणि राणी कुनिगुंडे यांची समाधी आहे, टिलमान रीमेनश्नायडरने घडवलेली. एका बाजूला कोरलंय की संत बेनेडिक्ट झोपलेल्या हेन्रीचा मुतखडा काढताहेत. हेन्री वारला १०२४ मध्ये. पोपने त्याला संत ठरवलं ११४६ मध्ये. म्हणजे सव्वाशे वर्षांनी फाइलवर सही झाली! आपल्याकडे असा दाखला कुणी मागत नाही. सिंधुदुर्गावर शिवरायांचं देऊळ उभं राहिलं ते राजाराम महाराजांच्याच कारकिर्दीत. वडिलांना देवत्व मिळालं. मुलाच्या वाट्याला ही घुमटी.

समाधीपासून थोडं पुढे गेलं की स्वच्छ हवेत राजगड दिसतो. राजाराम महाराजांचा जन्म तिथला, १६७०चा. एकोणिसाव्या वर्षी राज्य अंगावर पडलं, तेही संभाजीराजे मोगलांच्या कैदेत असताना. मग वेषांतर करून थेट दक्षिणेतली जिंजी गाठली, तिथे वर्षानुवर्षं वेढा सोसला, १६९८ मध्ये परत आले आणि मार्च १७०० मध्ये, उण्यापुऱ्या तिशीत, सिंहगडावरच वारले. त्यांना दुबळा म्हणणाऱ्यांनी जन्मगड आणि मृत्यूगड यांच्यामधली ही धावपळ नकाशावर एकदा बोट फिरवून पाहावी. हेन्रीच्या पुण्याईबद्दल मला बोलायचं नाही, पण त्याच्या राज्याला अकरा वर्षं औरंगजेब भिडलेला नव्हता.

दोघांच्याही मागे कारभार बायकांनी सांभाळला. कुनिगुंडेने नवा राजा निवडला जाईपर्यंत गादी राखली, राजचिन्हं त्याच्या हाती दिली आणि मठात गेली. १२०० साली तीही संत झाली. राजाराम महाराजांच्या राणी ताराबाईंनी औरंगजेब मरेपर्यंत लढा चालवला. मठात बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. १७६१ पर्यंत जगल्या आणि पेशव्यांनाही त्यांनी स्वस्थ बसू दिलं नाही.