तगरपुरींतील दोन दिवस

एखाद्या गांवाची खरी ओळख करून घ्यावयाची असेल तर तेथील लोक काय खातात, काय वाचतात आणि काय जपून ठेवितात हें पाहावें, असा आमचा कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. आमच्या घरांतील तरुण मंडळी मोठ्या शहरीं गेली म्हणजे तेथील ‘कॅफे’ धुंडाळतात व परत येऊन त्यांचीं रसभरित वर्णनें करितात. त्यांत आम्हांस गैर असें कांहीं वाटत नाहीं. परंतु ज्या गांवांत कॅफे नाहीं त्या गांवांत खाण्यासारखें, पाहण्यासारखें व वाचण्यासारखें कांहींच नसतें, ही त्यांची समजूत मात्र दूर करणें आम्हांस अवश्य वाटलें. म्हणून गेल्या माघांत घरांतील चार मोठीं माणसें व तीन मुलें बरोबर घेऊन आम्ही दोन दिवस तेर येथें राहून आलों.

तेर हें धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं वसलेलें गांव. जिल्ह्याचें उस्मानाबाद हें नांव २०२३ सालीं बदलून धाराशिव झालें. तेरचें नांव मात्र कोणी बदललें नाहीं; तें लोकांच्या तोंडीं झिजत आलें, इतकेंच. ‘तगर’ या शब्दांतील मधला गकार प्राकृतांत लोपला म्हणजे ‘तअर’ होतें व त्याचेंच पुढें ‘तेर’ होतें. ज्यांस हें ओढूनताणून केलेलें वाटेल त्यांनीं संगमनेर, पारनेर व अंमळनेर हीं नांवें आठवावीं. ‘नगर’ शब्दाचें ‘नेर’ ज्या वाटेनें झालें, त्याच वाटेनें ‘तगर’ शब्दाचें ‘तेर’ झालें आहे.

या तगराची कीर्ति एके काळीं समुद्रापलीकडे पोहोंचली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक दर्यावर्द्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या व्यापाराचें वर्णन लिहून ठेविलें आहे. ‘पेरिप्लस’ या नांवानें तें प्रसिद्ध आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें फार मोठें नगर असून तेथून साधें कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून बिकट वाटांनीं भडोचच्या बंदरास नेतात, असें तो सांगतो. टॉलेमीच्या भूगोलांतही या नगराचा उल्लेख आहे. पुढें शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत ‘तगरपुरवराधीश्वर’ हें बिरुद अभिमानानें मिरवीत. इतकें असून तगर नेमकें कोठें होतें याविषयीं विद्वानांत मोठा वाद होता. कोणी देवगिरीकडे बोट दाखवी, कोणी जुन्नरकडे, तर कोणी धारूरकडे. १९०१ सालीं फ्लीट यांनीं तगर म्हणजेच तेर असें प्रतिपादन केलें आणि तें मत आतां सर्वमान्य झालें आहे.

आतां खाद्यगृहांकडे वळूं. तेरच्या एस. टी. थांब्याजवळ जीं चहाचीं दुकानें आहेत त्यांस तेथील लोक ‘हॉटेल’ असेंच म्हणतात. लांकडी बांकावर बसावें, कढईंतून निघालेलीं भजीं व तळलेली मिरची कागदावर घ्यावी आणि वर गोड चहा प्यावा, हा तेथील उपचार. आमच्या मुलांस अधिक आवडली ती ‘सुशीला’. हें कोणा बाईचें नांव नव्हे. चुरमुरे पाण्यांत भिजवून व पिळून घेऊन कांदा, हिरवी मिरची व दाण्याचें कूट घालून दिलेल्या फोडणीस मराठवाड्यांत हें नांव आहे. पोह्यांची बहीण म्हणावी असा हा पदार्थ पुण्याकडील पुष्कळ घरांत अद्याप पोहोंचलेला नाहीं, याचें आमच्या सूनबाईंस मोठें नवल वाटलें.

दुपारचें जेवण आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं झालें. ज्वारीची पांढरीशुभ्र भाकरी, येसराची आमटी, भरलें वांगें, शेंगदाण्याची चटणी आणि कवडीदार दही, एवढाच बेत. परंतु पंगत उठावयास तयार होईना. येसर म्हणजे धान्यें व डाळी भाजून मसाल्यासह दळलेलें पीठ. कढत पाण्यांत तें कालवून वर फोडणी दिली कीं आमटी सिद्ध होते. दुष्काळी मुलुखांतील गृहिणीची ही दूरदृष्टि आहे. भाजी नसली तरी पाहुणा उपाशी राहूं नये, अशी तजवीज तिनें डब्यांत भरून ठेविलेली असते. सायंकाळीं शेतावर गोवऱ्यांच्या आगटींत भाजलेला हुरडा चोळून खाल्ला. याच जिल्ह्यांतील भूमकडचा खवा व कुंथलगिरीचे पेढेही प्रसिद्ध आहेत. परतीच्या पिशवींत ते अर्थातच होते.

दुसरे दिवशीं सकाळीं देवदर्शन घेतलें. त्रिविक्रमाचें देऊळ पाहतांच संस्कृत जाणणाऱ्यास आश्चर्य वाटतें, कारण त्याच्या गाभाऱ्याची मागील बाजू अर्धवर्तुळाकार असून माथा हत्तीच्या पाठीसारखा कमानदार आहे. हा घाट मंदिराचा नसून बौद्ध चैत्यगृहाचा आहे व पुढें तेथें विष्णूची स्थापना झाली, असें अनेक विद्वानांचें मत आहे. कार्ले-भाजें येथें जें डोंगर पोखरून साधलें तें येथें केवळ विटा रचून साधलें आहे. अशी विटांची वास्तु सबंध हिंदुस्थानांत फार विरळा; आंध्रांतील चेझर्ल्याचें कपोतेश्वराचें देऊळ हें तिचें जवळचें भावंड. उत्तरेश्वराचें प्राचीन देऊळही विटांचेंच असून त्याची कोरीव लांकडी द्वारचौकट आतां वस्तुसंग्रहालयांत सुरक्षित ठेविली आहे. तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या कीं त्यांतील कांहीं पाण्यावर तरंगतात. मातींत भुसा मिसळून वीट भाजली म्हणजे भुसा जळून आंत पोकळ्या राहतात, हें त्याचें कारण सांगतात.

परंतु तेरचें खरें ग्रंथालय आम्हांस भेटलें तें रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नांवें असलेल्या शासकीय वस्तुसंग्रहालयांत. गांवाभोंवतीं पांढऱ्या मातीचीं टेकाडें आहेत. पावसाळ्यांत माती वाहून गेली म्हणजे त्यांतून मणी, नाणीं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे व मातीचीं चित्रें उघडीं पडत. लोक ती माती घरासाठीं व शेतासाठीं नेत आणि हीं चिमुकलीं चित्रें मुलांच्या खेळांत जात. लामतुरे हे याच गांवचे गृहस्थ. त्यांनीं ज्या वस्तूंस कोणी कवडीची किंमत देत नव्हतें त्या हजारोंच्या संख्येनें गोळा केल्या. त्यांच्या त्या संग्रहांतूनच हें संग्रहालय उभें राहिलें. १९५८ सालापासून येथें वेळोवेळीं शास्त्रशुद्ध उत्खननेंही झालीं आणि सातवाहनकालीन नगराचा पुरावा भूमींतून वर आला.

संग्रहालयांत रोमन धर्तीचे मातीचे दिवे आहेत, केओलिन मातीच्या नाजूक पुतळ्या आहेत, आणि हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति आहे. इटलींतील पाँपेई हें नगर इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथें १९३८ सालीं जी हिंदी हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली तिच्याशीं तेरच्या मूर्तीचें साम्य पाहून मनुष्य थक्क होतो. आमच्या पुतण्याची नऊ वर्षांची मुलगी तिच्यापुढें बराच वेळ उभी राहिली व म्हणाली, “आजोबा, ही कोणीं केली त्याचें नांव कोठें लिहिलें आहे?”

प्रश्न लहान मुलीचा, परंतु तो आमच्यासारख्या पोथ्यांवर वाढलेल्यांनीं मनावर घेण्याजोगा आहे. ताम्रपटांत राजांचीं नांवें आहेत, त्यांचीं बिरुदें आहेत, दान घेणाऱ्यांचीं गोत्रेंही आहेत. परंतु ज्या कोष्ट्यांच्या कापडानें तगर भडोचपर्यंत पोहोंचलें, त्यांतील एकाचेंही नांव आमच्या संस्कृत ग्रंथांनीं राखलें नाहीं. त्यांच्या मालाची नोंद केली ती एका परदेशी खलाशानें. विणकर, कुंभार, मणी घडविणारे यांची पोथी मातीच होय, आणि ती वाचावयाची तर वांकून वेंचावी लागते.

या गांवीं एका कुंभाराचें नांव मात्र सातशें वर्षें टिकलें आहे. संत गोरोबाकाका येथलेच. त्यांची समाधि येथें असून समाधीचें वर्ष शके १२३९ म्हणजे इ. स. १३१७ मानितात. चैत्र वद्यांत तेथें मोठी यात्रा भरते. संतमेळ्यांत थापटणें घेऊन त्यांनीं प्रत्येकाचें मस्तक ठोकून पाहिलें आणि नामदेवांस कच्चें मडकें ठरविलें, ही कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या समाधीपुढें बसून ती मुलांस सांगतांना तिचा एक निराळा अर्थ आम्हांस जाणवला. कोणाचें ज्ञान पक्कें भाजलें आहे याची परीक्षा या गांवांत पंडितानें नव्हे, तर हातानें काम करणाऱ्यानें घेतली.

ग्रंथालयांविषयीं दोन शब्द. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू. अशा स्थितींत मराठी वाचनालय चालविणें हें मातृभाषेचें व्रतच होतें. पुढें १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानें अशा संस्थांस शासकीय अनुदानाचा आधार मिळाला. आज या भागांतील वाचनालयांत सकाळीं वृद्ध वर्तमानपत्रें वाचतात व दिवसभर तरुण मुलें स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करितात. आमची सूचना एवढीच कीं, प्रत्येक गांवच्या वाचनालयांत एक कपाट त्या गांवाविषयींच्या कागदांचें व वस्तूंचें असावें.

आणि हें काम केवळ वाचनालयांनींच करावें असें नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं वाडा विकण्याच्या वा वाटण्या होण्याच्या गोष्टी चालू असतील. भांडींकुंडीं व दागिने यांची यादी काळजीनें होते; माळ्यावरच्या पोथ्या, आजोबांच्या वह्या, जमाखर्चाचे कागद व आजीनें लिहून ठेविलेल्या ओव्या मात्र रद्दीवाल्याच्या तराजूंत जातात. हीं आपलीं पांढरीचीं टेकाडें होत. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून व भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ पासून असे कागद व पोथ्या सांभाळण्याचें कार्य करीत आहेत. ज्यांना घरीं ठेवणें शक्य नाहीं त्यांनीं तेथें विचारावें. सुटींत मुलांस तेरला न्यावें, सुशीला खाऊं घालावी, हस्तिदंताची ती मूर्ति दाखवावी. आणि घरीं परतल्यावर त्यांच्याच हातीं केरसुणी व फडकें देऊन माळ्यावरचें गांठोडें खालीं काढवावें.