डी मध्ये आहे, तरी गाडी उचलेना

आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच दाबणं तिला जड जाऊ लागलं, म्हणून आम्ही जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. २००३ची, चार गिअरची. मला गाडी चालवता येते, पण बॉनेटखालचं काही कळत नाही. क्लचचं पेडल नाही म्हणजे आत क्लचही नसणार, असंच मी धरून चालले होते. प्रत्यक्षात आत क्लचच्या पातळ चकत्यांचे कितीतरी संच असतात आणि ते तेलाच्या दाबाने आवळले जातात.

सकाळी गाडी उत्तम चालायची. सिंहगड रस्त्याच्या गर्दीत तापली, की एखाद्या सिग्नलला उचलायचीच नाही. अॅक्सिलरेटर दाबला तरी ती कशीबशी सरकायची आणि डॅशबोर्डवर ‘ओव्हरड्राइव्ह ऑफ’चा दिवा लुकलुकायचा. जवळच्या गॅरेजमध्ये सांगितलं, “गिअरबॉक्स गेलाय, उतरवून ओव्हरहॉल करावा लागेल.” खर्च गाडीच्या किमतीच्या जवळपास. ते बरोबर की चूक, हे ठरवण्याइतकं ज्ञान माझ्याकडे नव्हतं.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात चौकशी करताना एका वयस्कर मिस्त्रीकाकांचा पत्ता मिळाला. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी प्रश्नच विचारले. “गार असताना होतं की तापल्यावर? सगळ्या गिअरमध्ये की निघतानाच? आरपीएम नुसता चढतो की इंजिन दबतं? किल्ली बंद करून परत चालू केली की बरी होते का?” मला फक्त शेवटचं सांगता आलं: होते. “मग ताई, बाकीचं बघून, लिहून आणा,” ते म्हणाले. त्या दिवसापासून गाडीत वही आली.

पुढचं काम डिपस्टिकचं. इंजिन ऑइलसारखंच गाडी बंद करून पाहायचं असेल, असं मला वाटलं होतं. माझ्या गाडीच्या पुस्तकात निराळंच होतं: गाडी चालवून तेल तापवा, सपाट जागी इंजिन चालू ठेवा, ब्रेक दाबून दांडा सगळ्या खाचांतून फिरवा, परत पी मध्ये आणा आणि मग ‘हॉट’च्या खुणेवर पातळी बघा. काही कंपन्या इंजिन बंद करून बघायला सांगतात, त्यामुळे आपल्याच गाडीचं पुस्तक हवं. तेल तांबडं, पारदर्शक असावं. आमचं तपकिरी झालं होतं, पण जळका वास नव्हता. काकांनी वास घेतला आणि पहिल्यांदाच मान हलवली: चकत्या जळलेल्या नसाव्यात.

रात्री मी इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर समजून घेत बसले. समोरासमोर दोन पंखे ठेवले आणि एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याऐवजी तेल असतं. जनरल मोटर्सने १९४०च्या ओल्डस्मोबाइल मॉडेलसाठी ‘हायड्रामॅटिक’ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला, तेव्हा गिअर कधी बदलायचा हे तेलाचा दाबच ठरवायचा. आमच्या गाडीत ते संगणक ठरवतो. तेलाच्या वाटा उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या छोट्या विजेच्या झडपा, म्हणजे सोलेनॉइड, त्याच्या हुकमावर चालतात. हे वाचल्यावर किल्लीचं कोडं उलगडू लागलं. झिजलेली चकती किल्ली फिरवून दुरुस्त होत नाही. संगणक मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

वहीतही तेच दिसत होतं. आरपीएम उगाच चढत नव्हता, म्हणजे गाडी स्लिप मारत नव्हती. ती वरच्या गिअरमध्ये निघायचा प्रयत्न करत होती. बिघाड जाणवला की संगणक सोलेनॉइडची वीज तोडतो आणि गिअरबॉक्स एकाच वरच्या गिअरवर राहतो, घरापर्यंत पोचता यावं म्हणून. स्टॉल टेस्ट करू या का, असं मी विचारलं. ब्रेक करकचून दाबून, डी मध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन आरपीएम किती चढतो ते बघायचं, असं मी वाचलं होतं. काकांनी साफ नकार दिला. पाच सेकंदांपेक्षा जास्त झालं तर तेल भयंकर तापतं, आणि माणसांच्या गल्लीत ते करायचंच नाही.

स्कॅनर लावल्यावर पी०७०० हा बिघाडाचा कोड आला. मी लगेच त्याचा पार्ट विचारला. तो कोड फक्त ‘गिअरबॉक्सच्या संगणकाकडे बघा’ एवढंच सांगतो. खरी खबर दुसऱ्या कोडमध्ये होती: पी०७५३, शिफ्ट सोलेनॉइड ‘ए’चं विजेचं सर्किट. सर्किट म्हणजे नुसता सोलेनॉइड नव्हे. वायर आणि कनेक्टरही त्यात येतात. मल्टिमीटरने गार असताना रोध मॅन्युअलप्रमाणे भरला. गाडी तापवून मोजला तेव्हा आकडा उडू लागला, वायर हलवली की परत यायचा.

खालचा पॅन उघडला. चुंबकावर बारीक राखाडी लेप होता. धातूचे तुकडे असते तर गिअरबॉक्स उतरवावाच लागला असता. आतली वायर उष्णतेने कडक होऊन सोलेनॉइडच्या टोकाशी तडकली होती. वायरिंग, फिल्टर आणि पॅनचं गॅस्केट बदललं. तेलही बदललं, पण एका वेळेला सगळं निघत नाही, बरंच कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून थोडी गाडी चालवून ते पुन्हा बदलायचं ठरलंय.

आता आई स्वतः भाजीला गाडी घेऊन जाते. रिव्हर्स टाकताना धक्का अजून बसतो. काकांना गिअरबॉक्सच्या माउंटिंगचं रबर खचल्याचा संशय आहे. गार असताना बसतो की तापल्यावर, ते मी सध्या लिहून ठेवतेय.