रियुनियन : लाटेपुढे उभे राहण्याआधी

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला सुमारे 700 किलोमीटरवर, रियुनियन नावाचे एक लहान बेट आहे. मॉरिशसचे हे शेजारी, पण राज्य फ्रान्सचे. बाजारात युरो चालतो आणि शाळेत फ्रेंच शिकवतात. मधोमध उंच डोंगर, उतारावर उसाचे मळे आणि एका बाजूला अधूनमधून लाव्हा ओकणारा ज्वालामुखी. एकोणिसाव्या शतकात गुजरातमधून मुस्लिम व्यापारी कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. राजधानी सेंट डेनिसमधील त्यांची नूर-ए-इस्लाम मशीद 1905 साली सुरू झाली.

पश्चिम किनाऱ्यावर मात्र वेगळेच जग आहे. सेंट ल्यू येथे डावीकडे फुटत जाणारी लांब लाट जगभरच्या सर्फिंग करणाऱ्यांना ठाऊक आहे. फळीवर उभे राहून ती लाट पकडण्यासाठी लोक दूरदेशांतून येत. येथील मुलेही चालायला लागली की लवकरच फळी हाती घेत. ऑलिम्पिकमध्ये 2024 साली सर्फिंगचे कांस्यपदक मिळवणारी जोहान दफे याच बेटावर वाढली.

मग 2011 साल उजाडले. त्या वर्षापासून 2019 पर्यंत या बेटाभोवती शार्कच्या हल्ल्यांत 11 जणांचा मृत्यू झाला. त्यात बहुतेक सर्फिंग करणारे होते. जुलै 2013 मध्ये सेंट पॉलच्या उपसागरात 15 वर्षांची एक मुलगी किनाऱ्यापासून अगदी जवळ पोहत असताना गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने हुकूम काढला : प्रवाळाच्या आडोशातील उथळ पाणी आणि पहाऱ्याखालील जागा सोडून कोठेही पोहायचे नाही, सर्फिंग करायचे नाही. तरीही एप्रिल 2015 मध्ये 13 वर्षांचा एक होतकरू मुलगा बंदी असलेल्या जागी लाटांवर गेला आणि परत आला नाही.

कोकणातल्या घरांत मुशी किंवा मोरी म्हणजे कालवणातली मासळी. ताटात येणारी ती शार्कचीच लहान भाऊबंद. रियुनियनचे शार्क मात्र बुल आणि टायगर जातीचे, माणसाहून कितीतरी वजनदार. बुल शार्कला गढूळ पाणी मानवते. जोराचा पाऊस झाला, नदीच्या मुखातून माती वाहून आली की तो किनाऱ्याकडे सरकतो. ज्वालामुखीचे बेट असल्याने समुद्र थोड्याच अंतरावर खोल होतो. प्रवाळाची संरक्षक भिंत आहे, पण ती थोड्याच किनाऱ्याला.

संख्येने पाहिले तर भीती फाजील वाटेल. जगभरात वर्षाला शार्कच्या विनाकारण हल्ल्यांच्या साधारण साठ-सत्तर घटना नोंदवल्या जातात. त्यांतले मृत्यू बहुतेक वर्षी दहाच्या आत असतात. उलट, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली सुमारे तीन लाख माणसे पाण्यात बुडून मेली. सर्फिंगचे शौकीन हाच हिशेब पुढे करतात : रस्त्यावर मोटार चालवणे याहून धोक्याचे!

पण सरासरी साऱ्या जगाची असते आणि माणूस पाण्यात उतरतो तो एका ठरावीक किनाऱ्यावर, एका ठरावीक वेळी. स्वच्छ पाण्यात भर दुपारी, पहाऱ्याखाली उतरणारा आणि पावसानंतर संध्याकाळी नदीच्या मुखाशी एकटा जाणारा, दोघांना एकच आकडा कसा लागू पडेल? फेब्रुवारी 2017 मध्ये 26 वर्षांचा एक तरुण सेंट आंद्रेजवळ मरण पावला तो नदीच्या मुखापाशीच, बंदी असलेल्या जागेत. त्याला धोका ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही.

दोष कोणाचा यावर बेट दुभंगले. काही सर्फिंग करणाऱ्यांनी 2007 साली झालेल्या सागरी अभयारण्याकडे बोट दाखवले. काहींनी शार्कच्या मांसाची विक्री थांबल्याने त्यांची मासेमारी घटली, असे कारण दिले. विश्वविजेता केली स्लेटर याने 2017 मध्ये रियुनियनला रोज शार्क मारावेत असे लिहिले आणि त्याच्यावर टीकेची झोड उठली. निसर्गप्रेमींचे म्हणणे असे की समुद्र शार्कचे घर आहे, पाहुणे आपण. सरकारने गळ टाकून शार्क पकडायला सुरुवात केली. ते काम वादासह चालू राहिले.

बुकां कानो आणि रोश न्वार या किनाऱ्यांवर जाळ्या लावल्या गेल्या. जाळी दिसली की माणूस निर्धास्त होतो. ऑगस्ट 2016 मध्ये बुकां कानो येथेच लॉरां शार्दार या तरुणावर हल्ला झाला. जाळीला भोक पडलेले होते. त्याने हात आणि पाय गमावले, पण तो पुन्हा पाण्यात उतरला आणि पोहण्याच्या स्पर्धांतून पॅरालिम्पिकपर्यंत पोहोचला.

याहून भरवशाची ठरली ती माणसांची नजर. मुलांचा सराव असला की चष्मा आणि पायाला वल्ह्यासारखे पंखे लावलेले पाणबुडे लाटांच्या खाली पहारा देतात आणि वर होडी फिरत असते. पाण्यात पुरेसे लांबचे दिसत नसेल तर त्या दिवशीचा सराव रद्द. लाट कितीही सुंदर असो, मुले किनाऱ्यावरून परत जातात.

‘जीव माझा, धोकाही माझा’ असे म्हणणे प्रौढ माणसाला सोपे असते. पण त्याला ओढून बाहेर काढायला दुसरा कोणी पाण्यात शिरतो आणि घरी बातमी द्यायला तिसरा कोणी जातो. तेरा वर्षांच्या मुलाला तर हे वाक्य बोलण्याचा अधिकारच नसतो. त्याचा हिशेब आईवडिलांनी आणि शिकवणाऱ्यांनीच करायचा असतो.

रियुनियनच्या घरांनी मुलांना समुद्राची धास्ती घालून कायमचे घरात कोंडले नाही. पाऊस कधी पडला, पाणी गढूळ आहे का, दिवस मावळायला किती वेळ आहे, पहारा आहे का, हे विचारूनच फळी हातात द्यायची, अशी सवय त्यांनी लावून घेतली. एका उत्तराने समाधान झाले नाही, तर फळी त्या दिवशी भिंतीलाच टेकलेली राहते. लाट उद्याही येणार असते.