पंचहौदचा चहा आणि आमच्या नाताळची ताटे

१/ १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळकही होते. नावे वृत्तपत्रात छापली गेली, ग्रामण्य उभे राहिले. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले.

२/ हा प्रसंग आपण नेहमी पाहुण्यांच्या बाजूने वाचतो. माझे घर मराठी ख्रिस्ती. तेथे तो वाढणाऱ्यांच्या बाजूने ऐकू येतो. पंचवीस माणसांच्या आमच्या कुटुंबात नाताळचा फराळ म्हणजे करंज्या, चकल्या, अनारसे. अनारशांचे तांदूळ आजी कितीतरी दिवस आधी भिजत घालते. तळण उतरले की पहिली ताटे शेजारी जातात.

३/ आजीच्या लहानपणी काही घरे ताट हसून घेत, पण त्यातले खात नसत. प्रायश्चित्ताची नोंद दप्तरात मिळते. शेजाऱ्यांनी प्रथम केव्हा खाल्ले, हे फक्त आजीला आठवते. ते आता लिहून घेतो आहे.