आधी सांगा, केव्हा होतं?

घराण्यातलं एक पोर बीई झालं की दोन कामं त्याच्या वाट्याला आपोआप येतात. लग्नात सगळ्या पाहुण्यांना हॉलचं लोकेशन पाठवायचं, आणि नातेवाइकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. मी सॉफ्टवेअरवाला. कवीचा छापखान्याशी जेवढा संबंध, तेवढाच माझा त्या डब्याच्या आतल्या भागांशी. पण हे आदिलाबादला सांगणार कोणाला? फोन येतच राहतात. "ते आपोआपच बंद पडून राहिलं बाबू." "तारीख मागं गेली." "अक्षरांऐवजी आकडे उमटून राहिले." आणि प्रत्येक फोनच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं: "मी तर काहीच नाही दाबलं."

त्या शेवटच्या वाक्याचं मला जास्त वाईट वाटतं. आमची एक आते नातवंडांना रोज दोन ओळींचा ईमेल पाठवायची. एक दिवस तिच्या लॅपटॉपवर यू, आय, ओ दाबलं की ४, ५, ६ उमटू लागलं. आपल्या हातून महागाची वस्तू बिघडली, असं समजून तिने तो कपाटात ठेवून दिला आणि चार महिने कोणाला काही सांगितलं नाही. बिघडलं काहीच नव्हतं. काही लहान लॅपटॉपवर आकड्यांची वेगळी पट्टी नसते, म्हणून उजवीकडच्या अक्षरांवरच आकडे दडवलेले असतात. 'नम लॉक' चुकून लागलं की ते वर येतात. तेच बटण (काही ठिकाणी एफएन बटणाबरोबर) पुन्हा दाबलं की अक्षरं परत.

कीबोर्डच्या अशा आणखीही भुताटक्या आहेत. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की विंडोज 'स्टिकी कीज' चालू करू का विचारतं. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की 'फिल्टर कीज'. मग बटण नुसतं टेकवून अक्षर उमटत नाही, दाबून धरावं लागतं. टाइप करताना पुढची अक्षरं खाल्ली जात असतील, तर 'इन्सर्ट' दाबलं गेलंय. काही जुन्या मशीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि खालचा बाण एकत्र दाबले की अख्खा स्क्रीन उलटा होतो. वरच्या बाणाने सरळ. स्टिकी आणि फिल्टर कीज तर ज्यांना बोटांची हालचाल अवघड जाते अशांसाठी मुद्दाम ठेवलेल्या सोयी आहेत. घरच्यांना पहिल्यांदा हे सांगा, की बटणं दाबून कॉम्प्युटर सहसा मोडत नाही.

खरे बिघाड वेगळे. त्यांच्या बाबतीत मी आता "काय झालं?" असं विचारणंच सोडलंय. "केव्हा होतं?" एवढंच विचारतो.

आमचे मामा आदिलाबादला एका कापूस व्यापाऱ्याकडे हिशोब लिहितात. त्यांचा कॉम्प्युटर चालता चालता बंद पडायचा. व्हायरस म्हणून दोनदा फॉरमॅट मारून झालं, पैसे गेले, एका आठवड्याच्या नोंदी पुन्हा टाइप कराव्या लागल्या. शेठ म्हणायला लागले की मामांनाच जमत नाही. साठीकडे झुकलेल्या माणसाला हे ऐकणं सोपं नसतं. मी केव्हा, केव्हा करत राहिलो तेव्हा हळूहळू कळलं: सुरू केल्यावर वीसेक मिनिटांनी. सकाळपेक्षा दुपारी जास्त. आणि हे दिवाळीनंतरच सुरू झालं, पावसाळाभर काहीच नव्हतं.

दिवाळीनंतर आदिलाबादच्या बाजारात काय असतं ते तिथल्या माणसाला सांगायला नको. कापसाच्या गाड्यांची रांग, जिनिंगची धडधड, आणि हवेत तरंगणारी रुई. "मागच्या जाळीवर हात धरा, वारा लागतो का?" मी विचारलं. लागत नव्हता. पाठची बाजू उघडल्यावर पंखा आणि त्याखालच्या धातूच्या पट्ट्या यांच्यामध्ये रुई-धुळीची छोटी गादी निघाली, फराळाच्या चकलीएवढी. प्रोसेसर फार तापला, की स्वतःला वाचवायला मशीन तडकाफडकी बंद होतं. नव्वद-शंभर अंशांच्या आसपास ही वेळ येते. वीस मिनिटं म्हणजे तेवढं तापायला लागणारा वेळ. फॉरमॅट मारून गादी थोडीच निघणार?

साफसफाई घरी जमते. प्लग काढा, मऊ ब्रश घ्या, आणि हवा मारायची असेल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. ती भरकन फिरू दिली तर पंखाच खराब होतो. व्हॅक्यूम क्लीनर मात्र नको, त्याने स्थिर विजेची भीती असते. कापूसपट्ट्यात हे काम दिवाळी ते संक्रांत दर पंधरा दिवसांनी करावं. कॉम्प्युटर जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवला तर त्याहूनही कमी वेळा.

मामांचं दुसरं दुखणं: रोज सकाळी बँकेची साइट उघडायची नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा लाल इशारा यायचा, आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर रुसायचं. दुपारी सगळं ठीक, कारण कोणीतरी येऊन तारीख नीट करून जायचं. इथेही 'केव्हा'नेच काम केलं. रोज सकाळीच का? तर आगीच्या धास्तीने कापसाच्या दुकानात रात्री मेन स्विच पाडतात. मशीनच्या आत रुपयाच्या नाण्याएवढा तीन व्होल्टचा एक सेल असतो, सीआर-२०३२ नावाचा. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो संपला की मेन स्विच पाडताच कॉम्प्युटर काळ विसरतो आणि सकाळी कारखान्यात ठरलेली जुनीच कुठली तरी तारीख घेऊन उठतो. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. आपल्या मते २००९ साली बसलेल्या मशीनला ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही, मग ते विश्वास कसा ठेवणार? घड्याळाच्या दुकानात मिळणारा नवा सेल घातला आणि ते भांडण मिटलं. (एखाद्या मोबाइलवर १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच अशी वेळ दिसली तर घाबरू नका. युनिक्स पद्धतीची काळगणना त्या दिवशी शून्यापासून सुरू होते, आणि साडेपाच तास हा आपला ग्रिनिचपासूनचा फरक.)

'केव्हा' विचारण्याची ही सवय फक्त आमच्या मामांच्या कामाची आहे असं नाही. वेल्समधल्या अबरहोसान नावाच्या खेड्यात दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता सगळ्या गावाचं इंटरनेट मंद व्हायचं. केबल बदलून झाल्या, उपयोग नाही. शेवटी इंजिनिअर भल्या पहाटे विद्युत लहरी पकडणारं यंत्र घेऊन गावभर फिरले. एका घरातला जुना टीव्ही रोज सातला सुरू होत होता, आणि त्यातून निघणारा विद्युत गोंगाट गावाच्या लाइनवर चढत होता. ही गोष्ट २०२० साली जगभर छापून आली. तुमच्या घरचं वायफाय रोज ठरावीक वेळी रडत असेल, तर त्याच वेळी घरात आणखी काय सुरू होतं ते पाहा. मायक्रोवेव्ह राउटरच्या शेजारी असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या.

विजेचं प्रकरण आमच्याकडे मोठं आहे. शेजारची मोटार सुरू झाली की दिवा मंद होतो आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. हा दोष कॉम्प्युटरचा नसतो. यूपीएस असूनही होत असेल, तर त्यातली बॅटरी म्हातारी झालीय. दोन ते चार वर्षं हे तिचं आयुष्य. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर अर्थिंग नाही किंवा ते कोरडं पडलंय. मीठ-कोळशाच्या जुन्या पद्धतीच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतावं लागतं, आणि आदिलाबादचा मे महिना म्हणजे ४४-४५ अंश. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, प्रयोग नको. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लगबरोबर इंटरनेटची केबलही काढायची. प्लग काढूनही मशीन जळालेलं मी पाहिलंय, वीज त्या केबलमधून आत आली होती.

यूपीएसमध्ये पाल जाऊन बसते आणि फ्यूज उडतो, हे सांगितलं की शहरातले मित्र हसतात. त्यांना मी १९४७ सालची हार्वर्डची गोष्ट सांगतो. ९ सप्टेंबरला मार्क टू नावाच्या यंत्राच्या रिलेत पतंग सापडला होता आणि तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून ठेवला. ती वही आता अमेरिकेच्या संग्रहालयात आहे. आमची पाल कोणी जपून ठेवली नाही, एवढंच.

बाकीचं भराभर सांगतो. 'बंद करून चालू केलं तरी तसंच' असं कोणी म्हटलं, तर 'रीस्टार्ट' करायला सांगा. विंडोज आठपासून 'शट डाउन' केल्यावरही आतला काही भाग पुढच्या वेळेसाठी जपून ठेवला जातो. रीस्टार्टमध्ये तो खरोखर नव्याने सुरू होतो. सुरू करताना नुसतं बीप-बीप येत असेल, तर बहुतेक रॅमच्या पट्टीवर दमट हवेची पुटं चढलीत. पट्टी काढून सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच घासली की काम होतं. हार्ड डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल, तर मात्र दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. आधी फोटो दुसरीकडे कॉपी करा.

आणि स्क्रीनभर लाल पाटी, कर्कश आवाज, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस, या नंबरवर फोन करा', हे आलं तर तो बिघाड नाही, ती चोरी आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. ऑल्ट आणि एफ-४ दाबा, नाही जमलं तर पॉवरचं बटण दाबून धरा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर कळवा. "माझ्याकडून काहीतरी झालं" असं ज्यांना आधीच वाटत असतं, तीच माणसं त्या नंबरवर फोन करतात.

एक काम अजून हातातच आहे. आमच्या मोठ्या काकांनी २००४ साली एका डीटीपी सेंटरमधून घराण्याची वंशावळ टाइप करून घेतली होती. पैनगंगेच्या अलीकडची आणि पलीकडची, दोन्ही तीरांवरची सगळी नावं. काका गेले. सीडी सापडली, फाइल उघडली, तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांचा नुसता चिवडा. चुलतभाऊ म्हणाला, "करप्ट आहे, डिलीट मारू." मी म्हटलं, थांब, आधी फाँटच्या चौकटीत काय नाव दिसतं ते वाच. कृतिदेव निघालं. त्या काळचे कृतिदेव, श्रीलिपीसारखे फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले होते. फाँट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात, फाइल मात्र धडधाकट असते. तो फाँट टाकला आणि सगळी माणसं परत आली.

आता ती युनिकोडमध्ये आणतोय, म्हणजे कोणाच्याही मोबाइलवर वाचता येईल. बदलून देणारे प्रोग्राम फुकट मिळतात, पण जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हीचा क्रम उलटा. त्यामुळे कुठेकुठे वेलांटी शेजारच्या घरात जाते. सध्या आते रोज रात्री त्याच लॅपटॉपवर एकेक पान तपासते. परवा तिचा फोन आला, चौथ्या पिढीतल्या एका नावावरचा रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसलाय. मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं, "पान सात, ओळ तीन. आणि मी काहीतरी दाबलंय म्हणून नाही, ते तसंच आलंय."