रेषेच्या पलीकडचं धुराडं

साउथ ऑस्ट्रेलियात क्वॉर्न सोडून हॉकरकडे निघालं की विलोक्राचं माळरान लागतं. तिथे रस्त्यापासून जरा आत एक धुराडं उभं होतं. नुसतं धुराडंच. भिंती कधीच बसलेल्या, छपराचा पत्रा कुणीतरी काढून नेलेला. मागे राहिली ती दगडी चूल आणि तिच्यावरची चौकोनी नळी. पुढे अजून एक दिसलं, मग अजून एक. गाडीत फ्लिंडर्स रेंजेसच्या नकाशावरून वाद चालला होता आणि मी धुराडी बघत होते. घरातली सगळ्यात भक्कम बांधणी चुलीची असते, म्हणून ती शेवटी पडते, हे कळतं. पण गव्हाच्या शेतकऱ्यांची घरं इथे आली कशी? आजूबाजूला गुडघाभर उंचीची करडी खारट झुडपं आणि दगड, एवढंच.

१८६५ साली, भर दुष्काळात, जॉर्ज गॉयडर नावाचा साउथ ऑस्ट्रेलियाचा सर्व्हेअर जनरल घोड्यावरून हा मुलूख फिरला. पर्जन्यमापकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यानं पाहिली ती झाडं. मॅली नावाची खुजी निलगिरी कुठे संपते, खारट झुडूप कुठून सुरू होतं, ते बघत त्यानं नकाशावर एक रेषा ओढली. रेषेच्या दक्षिणेला पेरा, उत्तरेला फार तर मेंढ्या चारा. पुढे मोजमापं झाली तेव्हा ती रेषा वर्षाला साधारण तीनशे मिलिमीटर पावसाच्या आसपास निघाली. मला या माणसाबद्दल जे वाटतं त्याला आदर म्हणणं अपुरं आहे. झुडपाला विचारून पावसाचं उत्तर काढणारा सरकारी अधिकारी!

मग सत्तरच्या दशकात चांगले पावसाळे आले आणि लोक गॉयडरला हसायला लागले. नांगर जिथे जातो तिथे पाऊस मागोमाग येतो, असं तेव्हा शहाणीसुरती माणसंही मानत. १८७४ मध्ये रेषेची कायदेशीर आडकाठी निघाली. उत्तरेला गावं आखली गेली, गहू पिकलाही. १८८० पासून आभाळानं पाठ फिरवली. मग धुराडी.

आमच्यातला एकजण म्हणाला, "हावरटपणा, दुसरं काय." मला ते पटलं नाही. माझं आजोळ माणदेशातलं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात, शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला, दहिवडीच्या बाजूला पाचशे पडला तरी लोक खूश. आमच्याकडे रेषा कुणी ओढली नाही, पण ती सगळ्यांना पाठ होती. मुलगी देताना पाहिली जायची, बैल घेताना पाहिली जायची. तरीही मृगाचे चार थेंब पडले की मामा बाजरीचं बियाणं काढायचाच. आजी म्हणायची, "अरं, जरा दम धर." तो धरायचा नाही. दुबार पेरणीची वेळ आली की घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. त्याला हावरट कसं म्हणू? शहाणपणा धनगरांचा, पाऊस येत नाही म्हटल्यावर ते मेंढरं घेऊन पावसाकडे जायचे. गॉयडर त्यांना भेटायला हवा होता.

विल्पेना पाउंडला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. इथले मूळ रहिवासी, अद्न्यामथन्हा लोक, या जागेला इकारा म्हणतात. कड्यांचं हे प्रचंड कडं म्हणजे दोन महासर्पांची शरीरं, असं ते सांगतात. सेंट मेरी शिखर हे त्यातल्या एकाचं डोकं. त्यावर चढू नका, अशी त्यांची विनंती आहे. आम्ही दुसऱ्या दिवशी अलीकडच्या खिंडीतून परतलो, त्यावर एकाचं तोंड दिवसभर वाकडं. आपल्याकडेही किल्ल्याच्या अगदी टोकावर उभं राहिल्याशिवाय गड बघितल्यासारखं वाटत नाही अशी माणसं असतात. मला ती कधीच समजली नाहीत.

तंबूसाठी आम्ही सवयीनं मोठं झाड शोधत होतो. शेजारचे आजोबा धावत आले: रेड गमखाली नको, वारा नसतानाही त्याची फांदी मोडून पडते. कोरड्या ओढ्याची वाळू मऊ होती, त्यांनी तीही नको म्हटलं. बरोबरच होतं. जवळच्या कन्याका स्टेशनचा, म्हणजे गुरामेंढरांच्या मोठ्या चराऊ ठाण्याचा, संस्थापक ह्यू प्रोबी १८५२ मध्ये असल्याच कोरड्या दिसणाऱ्या विलोक्रा ओढ्याच्या पुरात वाहून गेला.

जुलैची थंडी. उद्यानात काटकी उचलायला बंदी, म्हणून लाकडं विकत आणलेली. निखाऱ्यात वांगी पुरली. इथली वांगी भरताला उत्तम, हे या देशाबद्दलचं माझं सर्वांत ठाम मत आहे. "अगं फिरव, एका बाजूनं करपतंय," म्हणेपर्यंत पाठ गोठायची आणि गुडघे भाजायचे. वर वृश्चिक. माणात तो दक्षिणेला कललेला दिसतो, इथे थेट डोक्यावर, नांगीसकट.

सकाळी गुलाबी छातीच्या काकाकुव्यांनी एवढा कालवा केला की गजर लावायची गरज पडली नाही. पाण्याच्या बाटलीत बर्फ. ब्राकिना घळीत एडियाकरन कालखंडाची जागतिक खूण म्हणून २००४ मध्ये ठरलेली ब्राँझची चकती पाहिली. तिच्यासमोर फोटो काढताना आमच्यातल्या भूगर्भवाल्याचा आवाज कापरा झाला होता. बाकीच्यांना भूक लागली होती.

परतताना पेट्रोलच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं कुठली म्हणून विचारलं आणि लगेच, तिकडे पाऊस किती? मी महाबळेश्वरचा आकडा सांगितला. जरा फुशारकीनंच. त्यानं तो पुन्हा म्हणायला लावला, मग आतून बायकोला बोलावलं आणि तिच्यासमोर तिसऱ्यांदा. ती हात पुसत माझ्याकडे बघत राहिली.

"मग कपडे कसे वाळतात?"

शेगडी, तिच्यावर पालथी घातलेली बांबूची टोपली, टोपलीवर पसरलेली धोतरं हे सगळं हातवाऱ्यांनी समजावेपर्यंत बाहेर मंडळींनी दोनदा हॉर्न वाजवला.